हात दुखतात ते डॉक्टरांना सांगता, जीव घाबरतो ते कधी सांगणार?

निपाणीच्या बाजूला माझं छोटं मेडिकल आहे. आमवाताच्या गोळ्या न्यायला येणाऱ्या बायका चिठ्ठी पुढे करतात, पैसे मोजतात आणि पिशवी उचलता उचलता आवाज खाली आणून विचारतात, "ताई, झोपेचं काय मिळंल काय?" चिठ्ठीत झोपेची गोळी नसते, कारण तपासताना झोपेचा विषयच निघालेला नसतो. डॉक्टरांना बोटं दाखवली, मनगटं दाखवली, गुडघे दाखवले. रात्री तीनला जाग येते, छातीत धडधडतं, मग उजाडेपर्यंत आढ्याकडे बघत पडून राहते, हे सगळं राहिलं मेडिकलवाल्या बाईसाठी.

मी फार्मसी शिकले आहे, डॉक्टर नाही. निदान करणं आणि डोस ठरवणं माझं काम नाही. पण आमवाताबरोबर येणारी उदासी आणि घोर यांत लोक कुठे चुकतात ते रोज दिसतं, आणि चुकतो तो बहुतेक वेळा क्रम. कुणी आधी झोपेची गोळी मागतं, कुणी "गरम पडतात" म्हणून आमवाताच्याच गोळ्या बंद करून बघतं. सगळ्यांत जास्त दिसणारी चूक मात्र थांबून राहण्याची: "हात बरे झाले की मन आपोआप बरं होईल."

होत नाही. हा लेख आमवाताबद्दल आहे, म्हणजे चिठ्ठीवर 'आरए' (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) लिहितात त्या आजाराबद्दल. वयोमानाने गुडघे झिजतात ते वेगळं. आमवातात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. त्या दाहात रक्तात जी रसायनं वाढतात ती मेंदूपर्यंत पोचतात, आणि थकवा, मरगळ, कशातच रस नसणं यांतला काही भाग तिथूनच येतो. २०१३ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा आमवाताच्या सुमारे १७ टक्के रुग्णांत तपासून निदान झालेलं मोठं नैराश्य आढळलं. प्रश्नावलीने मोजलं तर मध्यम किंवा त्याहून जास्त त्रास असणारे ३९ टक्क्यांच्या आसपास निघाले. तेव्हा "मीच कमजोर मनाची" हा विचार बाजूला ठेवून कामाला लागू.

तयारी: वही, पिशवी आणि एक माणूस

शंभर पानी वही घ्या. बोटं वळत नसतील तर पेनाला जुन्या सुती कापडाची पट्टी गुंडाळून जाड करा, पकडायला सोपं जातं. लिहिता येत नसेल तर शाळेतलं लेकरू किंवा नातवंड लिहील, फक्त पुढे येणारे मनाचे प्रश्न लेकराकडून लिहून घेऊ नका.

एक कापडी पिशवी घ्या आणि घरातली सगळी औषधं त्यात टाका. संपलेल्या गोळ्यांची पाकिटं, तेलं, चूर्ण, पुड्या, शेजारणीने दिलेली अर्धी पट्टी, काहीही वगळायचं नाही. आपल्याकडे एक डॉक्टर बेळगावचा, एक कोल्हापूरचा आणि तापासाठी गावातला, असं सर्रास असतं. तिघांच्या चिठ्ठ्या तीन ठिकाणी पडलेल्या असतात. त्या एकत्र करा.

आणि एक माणूस ठरवा, ज्याच्यासमोर रडू आलं तरी चालेल. नवराच असला पाहिजे असं नाही. बहीण, जाऊ, भजनी मंडळातली मैत्रीण, कुणीही चालेल.

> थांबा. जगणं नको वाटतंय, स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतंय, असा विचार येत असेल तर वही बाजूला ठेवा आणि आत्ताच १४४१६ ला फोन करा. ही सरकारची 'टेलि-मानस' सेवा आहे, चोवीस तास, मोफत, आणि मराठी निवडता येते. तितकाही धीर नसेल तर १०८ किंवा ११२. घरच्यांनी माणसाला एकटं सोडायचं नाही. फवारणीची औषधं, तणनाशकं आणि गोळ्यांचा साठा कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्यायची.

टप्पा १: पंधरा दिवस नुसतं लिहा

या पंधरा दिवसांत स्वतःहून काही बदलायचं नाही. चालू गोळी बंद नाही, नवी सुरू नाही. रोज रात्री पाच गोष्टी लिहायच्या:

१. सकाळी उठल्यावर सांधे किती मिनिटं आखडलेले होते. "लई वेळ" लिहू नका. उठल्याची वेळ लिहा, "पाच वीस", आणि सांधे सुटल्याची लिहा, "सव्वा सहा". सुटल्याची म्हणजे कप हातात धरता आला ती वेळ धरा.
२. दुखणं, ० ते १० पैकी.
३. मन, ० ते १० पैकी. ० म्हणजे ठीक, १० म्हणजे नको झालंय.
४. रात्री किती वाजता जाग आली, आणि का: दुखून की विचारांनी.
५. जीव घाबरला का, कधी, तेव्हा काय चाललं होतं.

दुसरा आणि तिसरा आकडा वेगळा ठेवणं हे या सगळ्यातलं मुख्य काम आहे. पंधरा दिवसांनी दोन्ही ओळी शेजारी ठेवून बघा. दुखणं वाढलं त्याच दिवशी मन बिघडलं आणि दुखणं उतरल्यावर सावरलं, तर गोष्ट एक. दुखणं ३ वर आलं तरी मन ८ वरच अडकलं, तर गोष्ट दुसरी. अशा वेळी मनाचा उपचार वेगळा लागणार हे डॉक्टरांना वही बघताच कळतं.

पाचव्या प्रश्नाची उत्तरं तर फार बोलकी असतात. कुणाचा जीव शनिवारी घाबरतो, कारण रविवारी पाहुणे येणार आणि भाकरी थापता येत नाही. विड्या वळणाऱ्या बाईला हजाराच्या हिशेबाने मजुरी मिळते. बोटं आखडली की हजार पुरे होत नाहीत, आणि तिची धडधड हिशेबाच्या दिवशी येते. डॉक्टरांना सांगायला हे "टेन्शन आहे" यापेक्षा शंभरपट उपयोगाचं.

*तपासून बघा:* पंधरा दिवसांपैकी निदान दहा दिवसांच्या नोंदी आहेत का? नसतील तर आणखी आठवडा लिहा. फक्त वाईट दिवस लिहून ठेवले असतील तर ती वही खोटं बोलते.

टप्पा २: दोन प्रश्न, मग नऊ

गेल्या दोन आठवड्यांत पूर्वी आवडणाऱ्या कामांत रस वाटेनासा झाला का? मन उदास, खचलेलं, निराश राहिलं का? प्रत्येक उत्तराला गुण: अजिबात नाही ०, काही दिवस १, अर्ध्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. दोन्हींची बेरीज ३ किंवा जास्त आली तर पूर्ण नऊ प्रश्नांची यादी भरायची. तिचं नाव पीएचक्यू-९. मराठीतही मिळते, मानसोपचार विभागात मागा. एकूण गुण २७. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून बऱ्यापैकी जास्त आणि २० पासून तीव्र. घोर, भीती, धडधड यांसाठी सात प्रश्नांची जीएडी-७ वेगळी असते. तिचे गुण २१, आणि तिथेही १० किंवा जास्त आले की डॉक्टरांना दाखवायचं.

इथे आमवाताच्या रुग्णांची एक खास अडचण आहे. नऊ प्रश्नांतले झोप, थकवा, भूक आणि हालचाल मंदावणं हे चार प्रश्न नुसत्या आमवातानेही "रोज" होऊ शकतात. काहीजण त्यामुळे उगाच घाबरतात. त्याहून जास्त जण उलट्या बाजूने चुकतात: "ते काय, वातानं होतंय" म्हणून अख्खी यादी बाजूला सारतात. मधला मार्ग हा, की बेरीज लिहाच, पण चार उत्तरांवर वेगळी खूण करा: रस नसणं, उदासी, "मी निकामी, घराला भार" हा विचार, आणि मरणाचा विचार. सुजलेलं बोट हे चार प्रश्न भरत नाही.

> इशारा. शेवटच्या, नवव्या प्रश्नाला (मरणाचा किंवा स्वतःला इजा करण्याचा विचार) शून्याशिवाय कुठलंही उत्तर आलं तर बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी कुणाशी तरी बोलायचं. वर दिलेला नंबर त्यासाठीच आहे.

टप्पा ३: पिशवी रिकामी करा

हे काम तुमच्या मेडिकलवाल्याकडे किंवा डॉक्टरांकडे बसून करा. माझ्या अनुभवात निम्मी कोडी इथेच सुटतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पुड्या. "वाताच्या पुडीनं दोन दिवसांत चालायला लागले" हे ऐकलं की माझे कान टवकारतात. बिननावाच्या पुड्यांत आणि काळ्या गोळ्यांत स्टिरॉइड मिसळलेलं असण्याची दाट शक्यता असते. तसं असेल तर झोप उडते, चिडचिड होते, मन कधी उगाच चढतं तर कधी पार खाली जातं. आणि अनेक आठवडे खाऊन पुडी एकदम बंद केली तर अंगातला जीव गेल्यासारखं होतं, चक्कर येते, रक्तदाब उतरतो, प्रसंगी जिवावर बेततं. म्हणून पुडी लपवू नका, आणि मनानेच बंदही करू नका. डॉक्टरांसमोर टेबलावर ठेवा. रागावतील, रागावू देत.

प्रेडनिसोलोन. हे चिठ्ठीतलं, उजळ माथ्याचं स्टिरॉइड. तेही झोप आणि मनावर परिणाम करू शकतं. सकाळी नाश्त्यानंतर घ्यायला सांगितलेलं असताना रात्री जेवून घेणारे पुष्कळ आहेत, आणि मग रात्रभर टक्क जागे. एवढी वेळ सुधारली आणि झोप परत आली, असंही झालेलं आहे. डोस कमी करायचा तो डॉक्टरांनी, पायरीपायरीने.

मेथोट्रेक्सेट. आमवाताची मुख्य गोळी. आठवड्यातून एकदाच. परत लिहिते, आठवड्यातून एकदाच. खचलेलं मन विसरतं, आणि विसरलेला माणूस परत घेतो. ही गोळी चुकून रोज घेतली गेली तर जीव जाऊ शकतो. डब्यावर खडूसारख्या मोठ्या अक्षरात वार लिहा: "फक्त बुधवार". फोलिक ॲसिडचा वार वेगळा, तो वेगळ्या रंगाने लिहा. तोंडात फोड, ताप, अंगावर निळे डाग दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर. या गोळीवर असताना दारू नको, आणि मूल हवं असेल तर महिने आधी डॉक्टरांशी बोलायचं.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. आमवाताचीच आणखी एक गोळी. क्वचित कुणाला हिच्याने अस्वस्थपणा किंवा विचित्र स्वप्नं पडू शकतात. गोळी सुरू झाली ती तारीख आणि मन बिघडलं ती तारीख, दोन्ही वहीत असतील तर डॉक्टरांना लगेच अंदाज येतो.

मिसरी, तंबाखू, विडी. आमच्या पट्ट्यात हे बोलणं अवघड, कारण पोटच त्यावर आहे. तरी धूम्रपानाने आमवात बळावतो आणि गोळ्यांचा गुण कमी येतो, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. "मिसरी लावली की डोकं शांत होतं" हे खरंच वाटतं. ती शांतता म्हणजे बऱ्याचदा तलफ भागल्याची असते.

*तपासून बघा:* प्रत्येक पाकिटासमोर तीन गोष्टी लिहिल्या गेल्या का? कुणी दिलं, कधीपासून, किती वेळा. एकही "माहीत नाही" राहिलं तर ते पाकीट घेऊनच डॉक्टरांकडे जा.

टप्पा ४: चार रक्ततपासण्या

हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, व्हिटॅमिन डी. आमवातात रक्त कमी असणं नेहमीचं, आणि थायरॉइडचा त्रासही जोडीने दिसतो. थायरॉइड मंदावला की माणूस हुबेहूब उदास दिसतो. मेथोट्रेक्सेटसाठी रक्त आणि लिव्हरची तपासणी होतेच, त्याच वेळी हे विचारा, दोनदा सुई नको. एखादी कमतरता सापडली तरी पुढचे टप्पे सोडायचे नाहीत. कमी हिमोग्लोबिन आणि नैराश्य एकाच घरात सुखाने नांदतात.

टप्पा ५: कुणाला सांगायचं, आणि कुठल्या भाषेत

पहिलं सांगणं आमवाताच्याच डॉक्टरांना. यामागे कारण आहे. आजार किती जोरात आहे हे मोजताना डॉक्टर २८ सांधे तपासतात. किती सुजलेत ते बघतात, किती दाबल्यावर दुखतात ते विचारतात, रक्तातला ईएसआर किंवा सीआरपी (दाह मोजणाऱ्या तपासण्या) घेतात आणि "एकूण कसं वाटतंय" याचा आकडा तुमच्याकडून घेतात. या चारांपैकी सूज आणि रक्त त्यांच्या हातात आहे. दुखणं आणि "कसं वाटतंय" तुमच्या तोंडून येतं, आणि मन खचलेलं असलं की हे दोन्ही आकडे वर जातात. मग सूज नसताना आजार वाढल्यासारखा दिसतो आणि आमवाताची आणखी जोराची, महागडी गोळी चढू शकते. मनाचं सांगितलं नाही म्हणून सांध्यांचा उपचार चुकतो तो असा.

आता भाषा. सीमाभागातल्या दवाखान्यात डॉक्टर कन्नड बोलणारे, रुग्ण मराठी, आणि मधे दुभाषा म्हणून नवरा किंवा सासू. सासूने सासूबद्दलची तक्रार भाषांतरित करावी अशी अपेक्षा कशी ठेवायची? एका मावशींनी दोन मिनिटं डोळे पुसत सांगितलेलं सगळं त्यांच्या मुलाने माझ्यासमोर फोनवर डॉक्टरांना एका वाक्यात उरकलं: "पित्त झालंय म्हणती." म्हणून घरच्या माणसाऐवजी नर्स किंवा आशाताईंना मधे घ्या. दोन्ही भाषा येणारं कुणी ना कुणी इथे प्रत्येक वॉर्डात असतं. "पाच मिनिटं एकटीला बोलायचंय" असं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुमची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

आणखी एक गंमत सांगते, जी प्रत्यक्षात गंमत नाही. आपण "बेजार झालोय" म्हणतो ते हैराण, मेटाकुटीला आलोय या अर्थाने. कन्नडमधला 'बेजारु' पुष्कळदा नुसत्या कंटाळ्यालाही वापरतात. शब्द दोन्हीकडे तोच, त्यामुळे दोघांनाही वाटतं की समजलं. "टेन्शन"चंही तेच: लगेच रक्तदाब मोजून मोकळे. म्हणून विशेषणं सोडा, आकडे सांगा. वहीतून पाच ओळी काढून कागदावर लिहून न्या:

"पंधरा दिवसांत अकरा रात्री तीनला जाग आली, त्यात सात रात्री विचारांनी. सकाळी सांधे सव्वा तास आखडतात. नऊ प्रश्नांत १६ गुण आले. दोन महिन्यांपासून भजनाला गेले नाही, पूर्वी एकही चुकवत नव्हते. आठवड्यातून तीनदा धडधड होते आणि हात गार पडतात."

एवढं डॉक्टरांच्या हातात पडलं की कुठल्याही भाषेत गोंधळ होत नाही.

कुठे जायचं? तालुका सरकारी दवाखान्यात मानसोपचार डॉक्टरांचा ठरलेला दिवस असतो. कर्नाटकात 'मनोचैतन्य' कार्यक्रमाखाली हे मंगळवारी चालतं. तुमच्या तालुक्याचा कुठला मंगळवार ते आधी विचारून जा, नाहीतर हेलपाटा. बेळगावला जिल्हा रुग्णालयात, म्हणजे बिम्समध्ये, आणि केएलईच्या प्रभाकर कोरे रुग्णालयात हा विभाग आहे. निपाणी-चिकोडीकडच्या लोकांना कोल्हापूर सोयीचं पडतं, कागवाड-अथणीच्या लोकांना मिरज. धारवाडची डिमहान्स ही तर या कामासाठीच असलेली सरकारी संस्था. "हिला धारवाडला न्यायला पाहिजे" ही आपल्याकडची चेष्टा मला माहीत आहे, आणि तिच्यापायी किती जणांचे उपचार लांबतात तेही. झोप न लागणारी, रडू येणारी, धडधडणारी माणसं तिथल्या ओपीडीत दाखवून संध्याकाळच्या बसने घरी येतात.

बसचं म्हणाल तर शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना राज्याच्या साध्या सरकारी गाड्यांतून राज्यात मोफत प्रवास आहे. आधार कार्ड बरोबर ठेवा. दर महिन्याच्या फेऱ्यांचा हिशेब करताना हे लक्षात घ्या. पहिल्याच भेटीला लांबचा दवाखाना गाठून पुढच्या सहा भेटी चुकवण्यापेक्षा जवळचा बरा.

> इशारा. दोन राज्यांत दोन डॉक्टर चालू असतील तर दोघांनाही एकमेकांच्या चिठ्ठ्या दाखवा. दोन चिठ्ठ्यांत एकच औषध दोन कंपन्यांच्या नावाने असतं आणि बाई दोन्ही घेते, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

टप्पा ६: मनाची गोळी सुरू झाली तर

प्रत्येकाला गोळी लागत नाही. सौम्य त्रासात समुपदेशन आणि पुढचा टप्पा पुरतो. मध्यम किंवा जास्त असेल तर सरट्रालीन, एस्सिटालोप्रॅम अशा गोळ्यांपैकी एखादी येते. दुखणं आणि उदासी दोन्ही असेल तर कधी ड्युलोक्सेटीन.

पहिला आठवडा वाईट जाऊ शकतो: मळमळ, डोकं दुखणं, थोडी जास्तच अस्वस्थता. गुण यायला दोन ते चार आठवडे, पूर्ण अंदाजाला सहा. लोक दहाव्या दिवशी येऊन म्हणतात, "काय फरक नाही, बंद केली." म्हणजे त्रास सगळा सोसला आणि गुण यायच्या आदल्या आठवड्यात सोडली. बरं वाटल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने चालू ठेवतात, आणि थांबवायची तीही हळूहळू. या गोळ्यांची चटक लागत नाही. चटक लागते ती अल्प्राझोलामसारख्या झोपेसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांची, ज्या पाहुण्यांकडून मागून घेतल्या जातात. त्या चिठ्ठीशिवाय मागू नका, आणि कुणी दिल्या तर घेऊ नका.

चार जोड्या तुमच्या चिठ्ठीत आहेत का ते मेडिकलवाल्याला विचारा:

- मनाची गोळी आणि डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅकसारखी दुखण्याची गोळी: पोटात रक्तस्राव व्हायची शक्यता वाढते. शौचाला काळं डांबरासारखं झालं तर लगेच दवाखाना.
- मनाची गोळी आणि ट्रामाडोल: थरथर, घाम, ताप, गोंधळल्यासारखं झालं तर वाट न बघता लगेच दवाखाना.
- एस्सिटालोप्रॅम आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन: हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. डॉक्टर आधी ईसीजी बघतील, नाही बघितला तर आठवण करा.
- साठीच्या पुढच्या माणसाला नवी गोळी, आणि आठवड्याभरात गुंगी किंवा असंबद्ध बोलणं: रक्तातलं सोडियम तपासून घ्या.

जनऔषधी केंद्रात यांतल्या बऱ्याच गोळ्या स्वस्तात मिळतात. धंद्याच्या दृष्टीने मी हे सांगायला नको, पण महिन्याच्या खर्चापायी गोळी अर्धी करून खाण्यापेक्षा तिथून पुरी घ्या.

आणि अंगारा लावायचा असेल तर लावा, यल्लम्माला नारळ द्या, मन हलकं होत असेल तर जरूर जा. फक्त "गोळ्या बंद कर, मग गुण येईल" असं कुणी सांगितलं तर तिथून उठायचं.

टप्पा ७: चांगल्या दिवसाला आवर घाला

नाव विचित्र वाटेल. पण आमवाताच्या बायकांचं मन मोडतं ते वाईट दिवसाने कमी, चांगल्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशी जास्त. एक दिवस बोटं मोकळी वाटली की ती बाई साचलेल्या सगळ्या गोधड्या धुवायला काढते, माळा झाडते, वर पापड. मग तीन दिवस अंथरुणात, आणि "मी कुठल्याच कामाची नाही" हे पालुपद. वहीत हे डोंगर-दरीसारखं स्पष्ट दिसतं.

१. काम वेळेने मोजा, संपण्याने नाही. वीस मिनिटं काम, पाच मिनिटं बसणं. चांगल्या दिवशीही तेवढंच. घड्याळ लावा, कारण उमेदीत वेळ कळत नाही.

२. भाकरी. यावर थोडं थांबते. जोंधळ्याची भाकरी थापता येणं हे आपल्याकडे बाईपणाचं मोजमाप होऊन बसलंय, आणि ते सुटलं की काहीजणींना खरोखर घरातली जागा गेल्यासारखं वाटतं. उकड काढून, दोन प्लास्टिकच्या कागदांमधे ठेवून लाटून बघा, किंवा पुरीच्या दाबयंत्रात छोट्या भाकऱ्या करा. घरातल्या पुरुषाला शिकवा. पहिला आठवडा नकाशे खावे लागतील. जे जमत नाही त्याचं दुःख होणारच, ते दुःख म्हणून वहीत लिहा. "आळस" म्हणून लिहू नका.

३. रोज एक गोष्ट, मन असो नसो. मन झालं की करीन असं म्हटलं तर उदासीत मन होतच नाही. आधी करायचं, मन मागून येतं. गोष्ट इतकी लहान ठेवा की टाळायला लाज वाटावी: कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत नव्हे, दारातल्या तुळशीपर्यंत जाऊन येणं, बहिणीला फोन, एक अभंग मोठ्याने म्हणणं.

४. दहा मिनिटं चालणं, हळूहळू अर्ध्या तासापर्यंत. व्यायामाने दुखणं आणि उदासी दोन्ही उतरतात. सांधा सुजून गरम असेल त्या दिवशी त्याला विश्रांती, बाकीचे हलवा. पावसाळ्यात, विशेषतः खानापूर भागात, आठ-आठ दिवस बाहेर पडता येत नाही आणि नेमके तेव्हाच सांधे आणि मन दोन्ही कुरकुरतात. घराच्या सोप्यातच (ओसरीत) फेऱ्या मारा, आणि कोमट पाण्यात बोटं बुडवून उघडझाप करा.

५. जीव घाबरला तर चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. नंतर पाणी प्या आणि वहीत वेळ लिहा. छातीत दाब येऊन हात-जबड्याकडे कळ गेली, घाम फुटला तर मात्र ती "घाबरगुंडी" समजू नका, १०८ बोलवा. आमवातात हृदयविकाराचा धोकाही जास्त असतो.

६. झोप: दुपारची अर्ध्या तासावर नको, चारनंतर चहा नको, उठायची वेळ रोज एकच.

समुपदेशक मिळाला तर "मी घराला भार आहे" या वाक्यापासून सुरुवात करा. त्या वाक्याची बाजू आणि विरुद्ध बाजू कागदावर मांडायला ते शिकवतात, आणि ते शिकून येतं, उपदेशाने येत नाही.

घरच्यांसाठी, थोडक्यात

"सगळ्यांचंच दुखतं", "चांगली दोन पोरं आहेत, रडतीस कशाला" ही वाक्यं आठवडाभर तोंडातून काढू नका. त्याऐवजी सकाळी विचारा, "आज काय जमंना झालंय?" आणि जे उत्तर येईल ते एक काम उचला. सगळी कामं काढून घेऊ नका, त्यानेही माणूस खचतो. बाटलीचं झाकण उघडून ठेवणं, नळाला लांब दांडीची तोटी बसवणं, मेथोट्रेक्सेटचा वार लक्षात ठेवणं, दवाखान्याच्या दिवशी मजुरी बुडवून सोबत जाणं, एवढं पुष्कळ झालं.

टप्पा ८: सहा आठवड्यांनी परत मोजा

सुरुवातीलाच वहीच्या शेवटच्या पानावर सहा आठवड्यांनंतरची तारीख लिहून ठेवा. त्या दिवशी नऊ प्रश्न पुन्हा भरा, आधीचे गुण न बघता. पहिल्यापेक्षा निम्मे झाले तर उपचार लागू पडतोय. ५ च्या खाली गेले तर उत्तमच, पण गोळी चालू ठेवायची. आकडा जिथल्या तिथे असेल तर गप्प बसून आणखी सहा आठवडे घालवू नका: डोस वाढवायचा, गोळी बदलायची की समुपदेशन जोडायचं, हे डॉक्टरांना विचारायचं. गुण कमी झाले पण सूज आणि आखडणं तसंच असेल तर आमवाताच्या डॉक्टरांची भेट लवकर घ्या. आता तुमचे "दुखतं"चे आकडे जास्त विश्वासाचे आहेत, आणि त्यावरून सांध्यांची गोळी बदलायची की नाही हे त्यांना नीट ठरवता येईल.